ओसाड कशाला म्हणावे?

विद्यार्थिमित्रांनो, पृथ्वीवरील सर्वांत समृद्ध प्रदेश कोणता, असे कोणी तुम्हांला विचारले, तर तुम्ही काय उत्तर द्याल? तुमच्यापैकी बहुतेक जण चटकन म्हणतील, ‘घनदाट जंगल!’ आणि सर्वांत दरिद्री प्रदेश कोणता, असे विचारले, तर ‘वाळवंट’ हे उत्तरही तयार असेल. कोणी बर्फाळ टुंड्राचे नाव घेईल, तर कोणी आपल्या गावाबाहेरच्या उघड्या माळाकडे बोट दाखवील.

ही उत्तरे अगदीच चुकीची नाहीत; पण ती अपुरी आहेत. एखाद्या घराला आपण श्रीमंत म्हणतो, ते कशावरून? तिजोरीतील पैशांवरून, महिन्याच्या कमाईवरून, शेतीवाडीवरून, की त्या घरात किती माणसे सुखाने जेवतात यावरून? माप बदलले की उत्तर बदलते. पृथ्वीवरील प्रदेशांचेही तसेच आहे. आपण चुकीचे माप लावले, तर त्याची किंमत त्या प्रदेशाला, तेथील प्राण्यांना आणि तेथे राहणाऱ्या माणसांना मोजावी लागते. म्हणून आज आपण ही मापे एकेक करून लावून पाहू या.

प्रथम एक शब्द समजून घेऊ. पृथ्वीवर काही विस्तीर्ण भागांत हवामान, पाऊस आणि माती साधारणपणे सारखी असते. त्यामुळे तेथील झाडे आणि प्राणीही एकमेकांशी मिळतेजुळते असतात. अशा विस्तीर्ण भागाला शास्त्रज्ञ ‘बायोम’ म्हणतात. विषुववृत्ताजवळची सदाहरित वने, उत्तरेकडील सूचीपर्णी वृक्षांचा तैगा, गवताळ प्रदेश, वाळवंट, टुंड्रा हे जमिनीवरचे प्रमुख बायोम आहेत. महासागर हा पाण्यातला सर्वांत मोठा बायोम आहे.

पहिले माप विस्ताराचे. पृथ्वीचा पृष्ठभाग सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर आहे. त्यापैकी सुमारे ३६ कोटी चौरस किलोमीटर महासागरांनी व्यापले आहेत. उरलेल्या जमिनीपैकी सुमारे ३१ टक्के भागावर वने आहेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२० साली नोंदवले. म्हणजे ज्या वनांना आपण पृथ्वीचे वैभव मानतो, ती पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या दहाव्या भागाहूनही कमी जागेत आहेत. या मापाने महासागरच सर्वांत मोठा. एकटे सहारा वाळवंट घेतले, तरी ते सुमारे ९० लाख चौरस किलोमीटर पसरलेले आहे. आपला संपूर्ण भारत त्यात जवळजवळ तीन वेळा मावेल.

पण नुसता विस्तार म्हणजे समृद्धी नव्हे, असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. तर मग दुसरे माप घेऊ. सजीवांच्या शरीरात साठलेल्या पदार्थाचे वजन, म्हणजेच जैवभार, हे ते माप. २०१८ साली शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरील साऱ्या सजीवांचा असा हिशेब मांडला. सजीवांच्या शरीरात मिळून सुमारे ५५० अब्ज टन कार्बन आहे, असा त्यांचा अंदाज निघाला. त्यांपैकी सुमारे ४५० अब्ज टन एकट्या वनस्पतींत आहे. साऱ्या प्राण्यांचा वाटा फक्त २ अब्ज टन! आणि एवढ्या अफाट महासागरातील सर्व सजीवांचा वाटा सुमारे ६ अब्ज टन, म्हणजे एकूण बेरजेच्या केवळ एक टक्का.

या मापाने जंगल पहिले येते. रॉबर्ट व्हिटेकर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात निरनिराळ्या प्रदेशांची तुलना केली होती. उष्ण प्रदेशातील सदाहरित वनात एका चौरस मीटर जागेवर सरासरी ४५ किलोग्रॅम वाळलेला वनस्पतिभार असतो, असे त्यांच्या तक्त्यात दिसते. समशीतोष्ण गवताळ प्रदेशात तो सुमारे १.६ किलोग्रॅम, तर खुल्या महासागरात अवघा ३ ग्रॅम! चिमूटभर मिठाएवढे वजन म्हणा ना. हे आकडे पाहून वाटेल, की महासागर म्हणजे पाण्याचे वाळवंटच.

थांबा, इतक्यात निकाल देऊ नका. तिसरे माप अजून बाकी आहे. ते म्हणजे वर्षभराची कमाई. हिरव्या वनस्पती सूर्यप्रकाशाच्या मदतीने अन्न तयार करतात. स्वतःचा खर्च भागवून त्या वर्षभरात जे नवे उत्पन्न देतात, त्याला ‘निव्वळ प्राथमिक उत्पादन’ म्हणतात. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार पृथ्वीवर दरवर्षी सुमारे १०५ अब्ज टन कार्बन अशा रीतीने नव्या सजीव पदार्थात बांधला जातो. त्यांपैकी सुमारे ४८ अब्ज टन महासागरात बांधला जातो. म्हणजे साठ्यात ज्याचा वाटा एक टक्का, तो कमाईत जवळजवळ निम्मा वाटा उचलतो!

हे कसे घडते? बाजारात एखाद्या व्यापाऱ्याचे धान्याचे भरलेले गोदाम असते. त्याच्या शेजारी एखादा भाजीवाला हातगाडी लावतो. त्याच्या गाडीवर कोणत्याही वेळी थोडीच भाजी दिसते. पण ती सकाळी येते आणि संध्याकाळपर्यंत विकली जाते. जंगल हे गोदामासारखे आहे. तेथील वृक्ष शंभर-दोनशे वर्षे खोडात लाकूड साठवत राहतात. महासागरात मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती पाण्यावर तरंगत असतात. त्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात. त्या काही दिवसच जगतात; भराभर वाढतात आणि भराभर खाल्ल्या जातात. व्हिटेकर यांच्या तक्त्यात खुल्या महासागराच्या एका चौरस मीटरमागे साठा ३ ग्रॅम आहे. पण वर्षाचे उत्पादन १२५ ग्रॅम आहे. म्हणजे तो साठा वर्षातून सुमारे चाळीस वेळा नव्याने तयार होतो. सदाहरित वनात हेच उत्पादन सुमारे २ किलो २०० ग्रॅम आहे. ते पुष्कळ आहे खरे. पण ४५ किलोंचा साठा नव्याने उभा राहायला वनाला वीस वर्षे लागतील. मोकळ्या दिसणाऱ्या त्या पाण्यावरच छोट्या मासोळीपासून देवमाशापर्यंत अगणित जीवांचे पोट भरते.

आता चौथे माप घेऊ. ते संख्येचे आणि प्रकारांचे. २०१५ साली जगातील वृक्षांची मोजदाद करण्याचा एक मोठा प्रयत्न झाला. त्यात सुमारे ३ लाख कोटी वृक्ष असल्याचा अंदाज निघाला. त्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक वृक्ष उष्ण व उपोष्ण प्रदेशांत आहेत, तर सुमारे एक चतुर्थांश वृक्ष रशिया, कॅनडा, स्कँडिनेव्हिया यांसारख्या थंड प्रदेशांतील तैगात आहेत. गंमत अशी, की वृक्षांची सर्वांत जास्त दाटी त्या थंड उत्तरेकडील वनांत आढळली. तेथील वृक्ष बारीक आणि उंच असतात, म्हणून ते अगदी जवळजवळ उभे राहू शकतात. पण त्यांचे प्रकार किती? स्प्रूस, पाइन, फर, लार्च, बर्च अशी मोजकी नावे घेतली, की तैगाचे बरेचसे वर्णन संपते. उलट, एकट्या अॅमेझॉनच्या खोऱ्यात वृक्षांच्या सुमारे १६ हजार जाती असाव्यात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे दाटीत तैगा पुढे आणि विविधतेत अॅमेझॉन पुढे. एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे झाली.

पाचवे माप आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. कारण ते जमिनीखाली आहे. सदाहरित वन पाहून तेथील माती फार सुपीक असेल, असे वाटते. प्रत्यक्षात तेथील बरीचशी माती कमी कसाची असते. सततच्या पावसाने तिच्यातील क्षार वाहून जातात. पडलेली पाने उष्ण आणि दमट हवेत लवकर कुजतात व झाडांची मुळे ती पोषकद्रव्ये लगेच शोषून घेतात. सारी दौलत झाडांतच असते. म्हणून झाडे तोडून तेथे शेती केली, तर थोड्याच वर्षांत पीक कमी येऊ लागते.

याच्या उलट युक्रेन आणि रशियातील स्टेप गवताळ प्रदेश पाहा. वर फक्त गवत दिसते. पण त्याची दाट मुळे हजारो वर्षे जमिनीत वाढली, मेली आणि कुजली. त्यांतून जगातील अत्यंत सुपीक अशी काळी माती तयार झाली. कितीतरी देशांच्या ताटातली गव्हाची रोटी या मातीतून येते. उत्तर ध्रुवाकडील गोठलेल्या जमिनीची गोष्टही अशीच आहे. टुंड्रात झाड दिसत नाही. पण टुंड्रा आणि तैगाचा काही भाग मिळून जी कायम गोठलेली जमीन आहे, तिच्यात सुमारे दीड हजार अब्ज टन कार्बन साठलेला आहे. वातावरणात आज जेवढा कार्बन आहे, त्याच्या दीडपटीहूनही हा साठा मोठा आहे. पृथ्वी तापल्यामुळे ही जमीन वितळू लागली आहे आणि त्यातील कार्बन हवेत मिसळू लागला आहे. म्हणून त्या ‘ओसाड’ टुंड्राची काळजी साऱ्या जगाला वाटते.

राहिले वाळवंट. उर्दूत तुम्ही त्याला ‘सहरा’ म्हणता. आफ्रिकेतील सहारा वाळवंटाचे नाव याच अरबी शब्दापासून आले आहे. या वाळवंटात चाड देशातील बोडेले नावाचा एक सखल भाग आहे. फार पूर्वी तेथे मोठे सरोवर होते. ते आटले आणि त्यातील सूक्ष्म जीवांचे अवशेष धुळीच्या रूपात मागे राहिले. त्या धुळीत फॉस्फरस असतो. वारा सहाराची धूळ उचलून अटलांटिक महासागरापलीकडे दक्षिण अमेरिकेत नेतो. उपग्रहाच्या निरीक्षणांवर आधारलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. या धुळीतून दरवर्षी सुमारे २२ हजार टन फॉस्फरस अॅमेझॉनच्या खोऱ्यात पडतो, असा त्याचा निष्कर्ष होता. पावसाने आणि पुराने जेवढा फॉस्फरस तेथून वाहून जातो, जवळजवळ तेवढाच हा आहे. जगातील सर्वांत श्रीमंत जंगलाला खत पुरवण्यात एका वाळवंटाचा हात असावा, ही केवढी नवलाची गोष्ट!

तुम्ही विचाराल, ‘मग सर्व प्रदेश सारखेच का? जंगल तोडले तरी चालेल का?’ नाही, मुळीच चालणार नाही. जातींच्या विविधतेत आणि जिवंत पदार्थाच्या साठ्यात सदाहरित वनाची बरोबरी जमिनीवरचा दुसरा कोणताही बायोम करू शकत नाही. ते एकदा गेले, की आपल्या हयातीत परत येत नाही. सांगायचे आहे ते एवढेच, की जंगलाचे माप घेऊन प्रत्येक प्रदेश मोजू नये. मासळीला झाडावर चढायला सांगावे आणि चढता आले नाही म्हणून तिला नापास करावे, तसे ते होईल.

हा केवळ भूगोलाच्या पुस्तकातला वाद नाही. तो आपल्या महाराष्ट्रातलाही आहे. सह्याद्री ओलांडून पूर्वेकडे गेले, की पाऊस एकदम कमी होतो. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या कोरड्या भागात मैलोगणती माळराने पसरलेली आहेत. पावसाळ्यात ती हिरवी होतात, हिवाळ्यात सोनेरी आणि उन्हाळ्यात करडी. मधूनमधून बाभूळ, बोर, हिवर अशी काटेरी झाडे दिसतात. उन्हाळ्यात हा माळ पाहणारा सहज म्हणतो, ‘येथे काहीच नाही!’

सरकारी दप्तरातही असेच घडले. इंग्रजांच्या काळात ज्या जमिनीतून शेतसारा मिळत नसे, ती ‘पडीक’ ठरली. तो शब्द टिकून राहिला. पुढे केंद्र सरकारने पडीक जमिनींचे नकाशे प्रसिद्ध केले, तेव्हा झुडपी माळ आणि चराऊ राने यांचाही बराचसा भाग त्यांत मोडला. एकदा जमीन पडीक ठरली, की तिचा ‘उपयोग’ करण्याची घाई होते. कोणी तेथे नांगर घालतो, कोणी कारखाना काढतो, तर कोणी मोठ्या उत्साहाने झाडे लावतो.

पण माळ खरोखर रिकामा आहे का? तेथे काळवीट आणि चिंकारा चरतात. लांडगा, खोकड आणि ससा राहतात. चंडोल गवतात घरटे बांधतो. धनगर आपली मेंढरे घेऊन पिढ्यान्‌पिढ्या याच माळांवरून फिरत आले आहेत. गवताची वाढ जमिनीलगतच्या भागातून होते, त्यामुळे मेंढरांनी वरचे पाते खाल्ले तरी ते पुन्हा फुटते. त्याच्या वजनाचा मोठा भाग तर मुळांच्या रूपाने मातीत असतो. आफ्रिकेतील सेरेनगेटीच्या गवताळ प्रदेशात दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट चरतात, ते याच गवताच्या बळावर. एवढे मोठे कळप घनदाट जंगलात पोसले जाणार नाहीत. कारण तेथील बहुतेक पाने उंचावर असतात आणि बराचसा साठा लाकडाच्या रूपात असतो.

कोणी म्हणेल, की हे माळ म्हणजे जंगल तोडून उरलेली जमीन आहे. काही ठिकाणी ते खरेही असेल. पण २०२५ साली संशोधकांनी एक वेगळाच पुरावा पुढे आणला. त्यांनी महाराष्ट्रातील जुने मराठी साहित्य, ओव्या आणि कथा वाचून त्यांत आलेल्या वनस्पतींची नावे शोधली. कित्येक शतकांपूर्वीच्या वर्णनांतही त्यांना गवत आणि काटेरी झाडांचा मोकळा मुलूखच सापडला. भाषेचा अभ्यास निसर्गाचा इतिहास सांगू शकतो, हे तुम्ही लक्षात ठेवण्यासारखे आहे. आणखी एक शब्द पाहा. ‘जंगल’ हा शब्द मराठीत आणि उर्दूत आपण सारखाच वापरतो. तो ‘जांगल’ या संस्कृत शब्दापासून आला आहे. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत ‘जांगल’ म्हणजे कमी पाण्याचा, विरळ झाडीचा, मोकळा आणि कोरडा प्रदेश. आज ज्याला आपण ओसाड म्हणतो, मूळचे ‘जंगल’ जवळजवळ तेच होते!

चुकीच्या मापाचा फटका कोणाला बसला, हे पाहायचे असेल तर माळढोक पक्षी आठवा. हा उंच, भारदस्त पक्षी मोकळ्या माळावर राहतो. मादी जमिनीवरच साधारणपणे एकच अंडे घालते. शत्रू दुरून दिसावा म्हणून त्याला चहूबाजूंनी उघडी जमीन लागते. त्याच्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसरात १९७९ साली अभयारण्य स्थापन झाले. तरीही आजूबाजूचे माळ शेतीखाली आले, वस्ती वाढली, विजेच्या तारा आल्या. आज त्या भागातून माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला आहे. संपूर्ण भारतात आता दीडशेच्या आसपास माळढोक उरले आहेत आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. पक्षी मारला गेला, तर आपल्याला ते दिसते. त्याचे घर ‘पडीक’ म्हणून निघून गेले, तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून मित्रांनो, वृक्षारोपणाविषयीही मी एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. झाडे लावणे हे चांगले काम आहे. शाळेच्या आवारात, रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर, तोडलेल्या जंगलाच्या जागी, खाणीने उकरलेल्या डोंगरावर झाडे अवश्य लावावीत. पण जिवंत माळरानावर दाट झाडी उभी करणे हे पुण्याचे काम नव्हे. झाडांची सावली दाटली, की उन्हावर जगणारे गवत मरते. गवत गेले, की काळवीट, चंडोल आणि मेंढपाळ यांचाही आधार जातो. उपासमारीने खंगलेल्या माणसाला आणि मुळातच सडपातळ असलेल्या धडधाकट माणसाला एकच औषध द्यायचे नसते. तशीच उजाड झालेली जमीन वेगळी आणि निसर्गानेच मोकळी ठेवलेली जमीन वेगळी.

हा फरक ओळखायला शिकणे, हे तुमच्या पिढीचे काम आहे. त्यासाठी मोठी उपकरणे लागत नाहीत. तुमच्या गावाजवळ एखादा माळ असेल, तर पावसाळ्याच्या अखेरीस तेथे जा. एक चौरस मीटर जागेभोवती दोरी लावा आणि त्यात किती प्रकारचे गवत, किती फुले, किती कीटक आहेत ते वहीत लिहा. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना किंवा गावातील मेंढपाळांना त्या गवतांची नावे विचारा. मराठीत एक नाव असेल, उर्दूत किंवा तुमच्या घरच्या बोलीत दुसरे असेल. दोन्ही लिहून ठेवा. शहरात राहत असाल, तर खाडीकाठी किंवा समुद्रकिनारी ओहोटीच्या वेळी मोठ्या माणसांबरोबर जाऊन हीच नोंद करता येईल.

आणि पुढे केव्हा तरी एखाद्या जमिनीकडे पाहून कोणी ‘ही ओसाड आहे’ असे म्हणाले, तर गप्प बसू नका. त्याला आदराने विचारा, ‘साहेब, आपण कोणते माप लावले?’